चौथी कॅसेट

—नाय मावशी, धुऊन काय होणार? साबण लावलात, मऊ फडक्याने पुसलात, चांगलं केलंत, एक ओरखडा पडलेला नाय — पण हे चौकोन वरचे नायत हो, आतले आहेत. डिस्कमध्येच तसे भरलेत. ते कितीही घासा, जायचे नायत. बसा तुम्ही. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे बाकावर बसा. सावर्ड्याहून एसटीने आलात म्हंजे पहाटेच घर सोडलं असणार. पाणी? नको? बरं. तुमचा रामा आत आहे ते मला माहीत आहे, सगळ्या रत्नागिरीला माहीत आहे. मंगळवारी तारीख आहे तेही ऐकलंय. आणि वकील बोलला असणार, की जा, त्या व्हिडिओवाल्याकडून चांगली कॉपी आणा, त्यात तुमच्या वाडीतल्या समर्थच्या डोक्यात पाइप कोणी घातला ते दिसेल आणि रामा सुटेल — असंच बोलला ना? वकिलाचं काय जातंय बोलायला. चांगली कॉपी असती तर मी पोलिसांना दिली नसती काय?

हे बघा, साध्या भाषेत सांगतो. कबड्डीचे सामने त्या रविवारी दिवसभर चालले, मी चार कॅसेटी भरल्या, एकेक तासाच्या. चार तासांचं शूटिंग. आणि डिस्क ही एवढीशी. हिच्यात दोन तास छान मावतात, चार तास कोंबायचे म्हटले की दाबावं लागतं. आता दाबायच्या रीती दोन. तुम्ही पंगत वाढलीय की नाय कधी? एक वाढपी असतो, तो बघत नाय कोण भुकेला आणि कोण नाय, सरसकट एकेक डाव भात टाकत जातो — म्हंजे एक फेरी. झटपट काम. माझ्या ह्या कॉम्प्युटरच्या डब्यावर पाच तासांत संपतं. दुसरा वाढपी आधी पंगतीतून नुसता फिरतो, कोणाला किती लागेल ते डोक्यात ठेवतो, मग भांडं घेऊन येतो नि ज्याला जास्त हवं त्याला जास्त घालतो. ही दोन फेऱ्यांची रीत. मांडवीचा रमजान मस्कतहून आला तेव्हा त्याने दाखवली मला. लग्नात माणसं बसलेली असतात, भटजी बसलेला, नवरी बसलेली, तिथे थोडक्यात भागतं. पण कबड्डीत धावाधाव, धूळ, सात माणसं एकावर पडतात — तिथे भूक जास्त. दोन फेऱ्या केल्या की ती धावपळसुद्धा साफ येते, पण दहा-अकरा तास डबा नुसता तापत बसतो, तोवर दुसरं काही करता येत नाय, आणि मधेच वीज गेली की पहिल्यापासून सुरू. म्हणून घाई असली की आपण सगळेच एका फेरीत उरकतो. मग मारामारीच्या जागी असे चौकोन पडतात. माणसाचं तोंड म्हंजे चार विटा. नशीब हो, दुसरं काय.

तुमच्या वाडीतल्या मंडळाची घाई होती, त्यांना दोन दिवसांत, मंगळवारपर्यंत डिस्क पाहिजे होती. केली एका फेरीत, दिली. पोलीस आले गुरुवारी, समर्थ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. साहेब बोलले, मूळ कॅसेट आण. मी बोललो साहेब, कॅसेट कुठली राहते, एका कॅसेटवर आम्ही चार-पाच कार्यं काढतो, कॉम्प्युटरमध्ये घेतलं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला. चौथ्या कॅसेटवर आता पावस गावातलं लग्न आहे. त्यांनी दुसऱ्या दोन व्हिडिओवाल्यांना विचारलं, ते पण तेच बोलले — खरंच आहे ते, सगळे तसंच करतात, कोणालाही विचारा. तर मावशी, मूळ गेलं आणि उरलं ते हे. तुम्ही सावर्ड्याच्या गाडीला जा, अंधाराच्या आधी पोचाल.

काय?

काय बोललात? पुन्हा सांगा.

डिस्क तुमच्या वाडीतल्या यमुनाबाईच्या घरी बघितलीत. सगळी बघितलीत, चारही तास. बरं. मग? — पहिल्या सामन्यात साफ दिसतं. रामा खांबाला ट्यूब बांधतोय ते दिसतं. त्याच्या शर्टाला दोन बटणं नायत तेसुद्धा दिसतं. हां. आणि तो सामना पण धावपळीचाच. — म्हंजे तुम्ही मला असं विचारताय की सरसकट एकेक डाव वाढला तर मग पहिल्या पानावर एवढा भात कसा आणि शेवटच्या पानावर शितं कशी.

कोणी शिकवलं तुम्हाला हे? वकिलाने? नाय? तुम्हीच? अहो मावशी, तुम्ही भात लावायचं सोडून — तुम्हाला काय कळतं ह्यातलं? मला सतरा वर्षं झाली ह्या धंद्यात. कुठे काय कमी पडतं, कशाने पडतं, शंभर कारणं असतात, डबा तापतो, कॅसेटवर धूळ असते — उठा तुम्ही. उठा म्हणतो ना. माझं डोकं तापवू नका, मला हात उचलायची सवय आहे आमच्या घराण्यातच, आमचा बा हात उचलायचा, आजा उचलायचा, मागच्या महिन्यात वेदिकेच्या कानाखाली मी एवढी जोरात दिली की तिला दोन दिवस ऐकू येत नव्हतं. माझी बायको. दोन शब्द बोलली म्हणून. हेच बोलली, जे तुम्ही बोलताय.

…बसा. बसा, घाबरू नका. तुम्हाला काय करणार मी.

एका फेरीत असं होत नाय. बरोबर पकडलंत. पोलिसांना नाय कळलं, मंडळाला नाय कळलं, दुसऱ्या दोन व्हिडिओवाल्यांना साहेबांनी डिस्क दाखवली, त्यांना नाय कळलं. कळणार कसं? उगीच केलंय काय मी? दोन दिवस बसलो होतो मावशी, सोमवारचा अख्खा दिवस आणि मंगळवारची दुपार. चांगलं दिसावं म्हणून आयुष्यात कधी एवढा बसलो नाय. शेवटची चार मिनिटं वेगळी कापली आणि अकरा वेळा दाबून बघितली, अकरा वेळा. पहिल्यांदा फार खराब झालं — तेवढंच चार मिनिटं खराब आणि बाकी लख्ख, आंधळ्यालासुद्धा संशय आला असता. मग शेवटचा अर्धा तास हळूहळू उतरवत आणला. दिवेलागणीची वेळ, उजेड कमी, धूळ, सगळं आपोआप बिघडत गेलं असं वाटायला हवं. चौथ्या वेळी तोंड गेलं पण बनियनचा रंग राहिला. सहाव्या वेळी रंग गेला पण उंची कळत होती. नासवायचं, पण नासवलंय हे दिसता कामा नये — हे फार कठीण काम आहे, तुम्हाला खोटं वाटेल, चांगलं करण्यापेक्षा कठीण. अकराव्या वेळी जमलं. मी माझ्याच पाठीवर थाप मारून घेतली, आयशप्पथ.

मला वाटलं चार टाके पडतील. खरं सांगतो मावशी, सोमवारी समर्थ जिवंत होता, सरकारी दवाखान्यात होता, डॉक्टर बोलत होते शुद्धीवर येईल. कबड्डीत डोकी फुटतात, माझ्याच समोर पन्नास फुटलीत. चार टाके, पंधरा दिवस अंथरूण, मग मिटवामिटवी, एक बोकड, सगळे एकत्र जेवले असते. म्हणून केलं. बुधवारी सकाळी रमजानने येऊन सांगितलं की गेला. मी ह्याच खुर्चीवर होतो. तोवर कॅसेट उरली नव्हती.

नाय, लग्न नाय घेतलं तिच्यावर. लग्न घेतलं असतं तरी एखाद्याने खालचं काढलं असतं, अशी भीती वाटली मला. मी ती फोडली. हातोडीने. आतली फीत बाहेर ओढली, किती ओढाल तेवढी येते, कोंबडीची आतडी निघावीत तशी, हाताला गुंडाळत गेली, सुटेना. गच्चीवर रॉकेल ओतून जाळली. वास तीन दिवस गेला नाय घरातून. वेदिका तेव्हाच बोलली मला, की तू हे काय केलंस, रामासारख्या जिवंत माणसाला पुरलंस. तेव्हा दिली तिच्या कानाखाली.

कोण होता ते विचारता? तुम्हाला रामाने सांगितलं नाय? रामाने सांगितलं असणार. त्याने पोलिसांना पण सांगितलं असणार, पण हातात पाइप होता त्याच्या, पाइपाला केस चिकटले होते समर्थचे, आणि चार दिवस आधी विहिरीच्या पंपावरून दोघांची गचांडी पकडापकडी झालेली सगळ्या वाडीने बघितलेली. मग रामाचं कोण ऐकणार.

दत्तू. माझा धाकटा भाऊ. मांडवीच्या संघाचा चढाईवाला. तुम्ही बघितला असेल मैदानावर, काळा, ठेंगणा, मानेला दोरा. समर्थने त्याला तीन वेळा पकडला त्या दिवशी. तिसऱ्या वेळी घोट्याला धरून खेचला, तो तोंडावर पडला, तसाच मातीतून रेषेपर्यंत ओढत नेला, आणि तुमची वाडी हसली. पोरी हसल्या. पंचाने बाद दिला. दत्तू उठला तेव्हा नाकातून रक्त येत होतं आणि तोंडात लाल माती, आणि मी कॅमेऱ्यातून त्याचे डोळे बघितले नि मला कळलं. मी भाऊ आहे त्याचा. बा मारायला उठायचा तेव्हा बाचे तसेच डोळे व्हायचे. मी कॅमेरा सोडून धावायला हवं होतं. मी काय केलं? मी जवळचं घेतलं. बटण दाबलं आणि चित्र जवळ आणलं, कारण चित्र चांगलं येत होतं.

मग सगळेच घुसले. चप्पल, दगड, खुर्च्या. एकाचा दात उडालेला मी बघितला, चॉकचा तुकडा उडावा तसा. एकाला चौघे लाथा घालत होते, तो ओरडतपण नव्हता, पोट धरून आडवा. दत्तूने ट्यूबच्या खांबाचा पाइप उपटला, वायरीसकट, ट्यूब फुटली, त्या कोपऱ्यात अंधार झाला, पण माझ्या कॅमेऱ्यावरचा दिवा चालू होता. समर्थ पाठमोरा होता. तो भांडत नव्हता मावशी. तो कोणाला तरी उठवत होता, वाकलेला होता, एक हात गुडघ्यावर. एका सेकंदाची पंचवीस चित्रं असतात. पाइप वर गेल्यापासून खाली येईपर्यंत बारा. पहिल्या तिनांत दत्तूचं तोंड पूर्ण दिसतं, समोरून, दात सुद्धा. मग पाइप आडवा येतो. नवव्यात समर्थ मान वळवतो, कोणीतरी हाक मारली असावी. बाराव्यात लागतो. कानाच्या वर. आवाज कॅसेटवर आला होता, मी आवाजपण खाली केला, वर ढोल चढवला. तुमच्याकडची माती लाल, तिच्यात रक्त लगेच दिसत नाय, नुसती ओली झालेली दिसते. दत्तू दुसऱ्यांदा घालणार होता. तेव्हा रामा आला. त्याने मागून धरला पाइप, हिसकावला, दत्तूच्या छातीत लाथ घालून त्याला पाडला. तुमच्या मुलाने समर्थला वाचवायचा प्रयत्न केला, मावशी, ज्याच्याशी चार दिवस बोलत नव्हता त्याला. तेही होतं कॅसेटवर. सगळं होतं. एवढं साफ मी कधी घेतलं नाय.

रडू नका. नाय, रडा. रडा तुम्ही. मला शिव्या घाला. थुंका, काय वाटेल ते करा, पण अशा बघू नका माझ्याकडे.

ही करंगळी बघा. सरळ होत नाय. सोमवारी सकाळी दत्तू इथे आला, आंघोळ करून, अत्तर लावून. बोलला, दादा, काय काय आलंय दाखव. मी दाखवलं. त्याने तीन वेळा बघितलं, तिसऱ्या वेळी तर खूश होऊन बघितलं, मला वाटतं. मग बोलला पुसून टाक. मी बोललो मंडळाने कॅसेटीचे पैसे दिलेत, त्यांना अंतिम सामना पाहिजे, नसला तर विचारतील. तर त्याने माझा हात धरला, ह्या खणात घातला आणि खण लावला. पोटाने दाबून लावला, आणि वर टेकून उभा राहिला, आणि शांतपणे बोलला की मग दिसेल पण ओळखू येणार नाय असं कर, तू एवढा कारागीर आहेस ना. मी ओरडलो नाय. शेजारी फरसाणवाला आहे, त्याला ऐकू गेलं असतं. करंगळी अशी लोंबत असताना मी अकरा वेळा दाबली ती चार मिनिटं, बटणं ह्या दुसऱ्या हाताने मारली. तर भीतीने केलं मी. मग कधी वाटतं भाऊ म्हणून केलं. आणि कधी कधी, खरं सांगायचं तर — कधी वाटतं, मला जमतं की नाय ते बघायचं होतं. ह्याची मला जास्त लाज वाटते.

काय? — कोर्टात? मी?

कॅसेट नाय, पण मी बघितलंय, असं जाऊन सांगू? अहो, वकील तिथे माझी सालटी काढेल. डिस्क कोणी बिघडवली, मी. पुरावा कोणी जाळला, मी. रामा बाहेर आणि मी आत. वेदिका आहे घरात, तिच्या पोटात सहावा महिना चाललाय. आणि मी आत गेलो तर ठीक, आत निदान भिंती असतात. बाहेर राहिलो तर दत्तू. त्याने बाला मारलंय, माहीत आहे? म्हाताऱ्या माणसाला, दोन वर्षांमागे, जेवताना, मीठ कमी पडलं म्हणून ताट फेकलं बाने, तर त्याने बाचा हात असा मागे नेला नि मोडला, आणि मग बसून राहिलेला भात खाल्ला. आम्ही दवाखान्यात सांगितलं माडावरून पडला. आमच्या घरात असंच सांगतात. मी जन्मभर तेच करत आलोय मावशी. तुमच्या मुलाला जन्मठेप झाली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाय हे कळतंय मला. मला झोप लागत नाय. पण मंगळवारी तिथे उभं राहून त्याच्याकडे बोट करायचं — हे बोट? हे सरळ तरी होतं काय?

थांबा.

बाहेर गाडी लागली. त्याचीच आहे. डोळे पुसा, पदर सारखा करा. तुम्ही गिऱ्हाईक आहात. ऐकताय ना, गिऱ्हाईक. ती डिस्क पिशवीत टाका.

—ये रे दत्तू. जेवलास? नाय, कोणी नाय, पाहुण्या आहेत, लांजा बाजूच्या. नातवाचं बारसं आहे त्यांचं, शूटिंग करायचंय. मी सांगत होतो त्यांना, छोटं काम आहे, दोन तासांत डिस्क हातात. रडतात? म्हातारं माणूस, त्यांचा मुलगा नाय बारशाला, म्हणून. तू बस ना. त्या खुर्चीवर बस. बरं मावशी, मग ठरलं, मी येतो, डिस्कवर नाव काय घालू तेवढं सांगा. मुलाचं नाव. कुठलंही… म्हंजे जे ठेवणार असाल ते.

मावशी.

मावशी, ते नाव नाय विचारलं मी. नातवाचं विचारलं. — दत्तू, तिचं डोकं जाग्यावर नाय, उन्हातून आलीय, काहीही बोलते, कोण रामा, रामा शंभर असतात. दत्तू, बस. शटर कशाला ओढतोस? दुपारचं कोण बंद करतं शटर? ती काय करणार आहे तुला, चार हाडं आहेत तिची. दत्तू, स्टँड ठेव खाली. लाइटचा स्टँड आहे तो, ठेव. मी काय सांगितलं ते? हो. सांगितलं. सगळं सांगितलं तिला. रामाने तुझ्या हातातून पाइप घेतला तेही सांगितलं. आणि मंगळवारी तिथे पण सांगणार आहे. हो, मीच. कॅसेट नाय तर नाय. मी बघितलंय तुला, मला ती बारा चित्रं पाठ आहेत, तुझा खांदा आत्ता वर चाललाय ना, तो पण कुठल्या चित्रातला ते मला माहीत आहे. तिकडे नको बघूस, इकडे बघ, माझ्याकडे.

मावशी, पडद्यामागे दार आहे. कडी वर आहे, खालची नाय, वरची. गल्लीत फरसाणवाला असेल, त्याला हाक मारा. जा तुम्ही. मागे बघू नका.